अर्धायुष्याचा हिशेब : प्रस्तावना

सोलापूर जिल्ह्यात विहीर खणायला घेतली की थोड्याफार मातीखाली काळा पाषाण लागतो. दख्खनच्या पठारावर थरांवर थर साचलेला हा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजला. पाठ्यपुस्तकातून मुले हा आकडा पाठ करतात, पण तो काढला कोणी आणि कसा, हे विचारणारी मुले थोडी. त्या काळी माणूस नव्हता, दगडावर शिलालेख नव्हता. तरीही वय कळले, कारण दगडाच्या पोटात पोटॅशियम होते.

निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० या जातीचा असतो. हा अणू टिकाऊ नाही. अशा अणूंचा कितीही मोठा साठा घ्या, १२५ कोटी वर्षांत त्यातले निम्मे अणू दुसऱ्या मूलद्रव्यात बदललेले असतात. शंभर अणू बदलले तर त्यांतले साधारण एकोणनव्वद कॅल्शियम होतात आणि अकरा आर्गॉन नावाचा वायू. लाव्हा वितळलेला असतो तोवर हा वायू निसटून जातो. लाव्हा थिजला की वायू स्फटिकांत कोंडला जातो. म्हणजे दगड घट्ट झाला त्या दिवसापासून हिशेबाची वही उघडली. आपल्या पायाखालच्या पाषाणातले साडेतीन टक्क्यांच्या आसपास पोटॅशियम-४० तेव्हापासून बदलले आहे. उरलेले अजून बदलतेच आहे, हे वाक्य तुम्ही वाचत असतानाही.

हा हिशेब मात्र कागदावर वाटतो तितका सोपा निघाला नाही. पाणी मुरलेल्या, कुजलेल्या खडकातून आर्गॉन झिरपून जातो आणि वय कमी भरते. सुरुवातीच्या मोजण्यांत दख्खनच्या लाव्हाची वये कित्येक कोटी वर्षांच्या फरकाने विखुरलेली होती. मग नमुना अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्यात ठेवून, नंतर पायरीपायरीने तापवत वायू मोजण्याची आर्गॉन-आर्गॉन पद्धत आली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत वेंकटेशन, कांचन पांडे आणि गोपालन यांनी सह्याद्रीच्या कड्यांतले थर या पद्धतीने तपासले आणि १९९३ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. २०१९ मध्ये दोन वेगळ्या गटांनी, एकाने युरेनियम-शिसे पद्धतीने आणि दुसऱ्याने आर्गॉनने, हेच थर पुन्हा मोजले. या लाव्हाचा मोठा भाग दहा लाखांहून कमी वर्षांत ओतला गेला, यावर दोघांचे जमले. डायनोसॉर संपले त्या क्षणाच्या नेमका आधी किती आणि नंतर किती, यावर जमले नाही. मला या विषयातला हा भाग सर्वांत जास्त आवडतो. वाद आहे, पण तो काही हजार किंवा लाख वर्षांच्या फरकाचा आहे आणि दोन्ही बाजूंच्या हातात मोजमाप आहे.

हे पुस्तक अणूची रचना आणि किरणोत्सार या विषयाची पहिली ओळख करून देण्यासाठी आहे. ज्यांनी विज्ञान दहावीनंतर सोडले त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी सोडले नाही पण फक्त परीक्षेपुरते वाचले त्यांच्यासाठीही.

अणूची कल्पना आपल्याकडे जुनी आहे. कणादांच्या वैशेषिक दर्शनात परमाणू आहे आणि त्यामागचा युक्तिवाद चोख आहे: पदार्थाचे तुकडे करत गेलो आणि कुठेच थांबलो नाही, तर मोहरी आणि मेरू पर्वत दोहोंत सारखेच अगणित भाग निघतील. तर्काने इथवर पोचणे ही मोठी गोष्ट आहे. मात्र तर्काला वजनकाट्याची जोड मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्लंडमध्ये जॉन डाल्टनकडून. मूलद्रव्ये ठरावीक प्रमाणातच संयोग पावतात, यावरून त्याने प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूला वजन दिले. त्याच्यापुरता अणू अखंड होता. पुढची नव्वदएक वर्षे तो तसाच राहिला.

तो फुटला १८९६ ते १९११ या पंधरा वर्षांत. बेक्वेरेलला काळ्या कागदात गुंडाळलेल्या फोटोच्या काचेवर युरेनियमच्या क्षारांचा ठसा उमटलेला दिसला, सूर्यप्रकाश नसतानाही. पुढच्याच वर्षी थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्यूरी यांनी पिचब्लेंड या खनिजातून आधी पोलोनियम आणि मग रेडियम या दोन नव्या मूलद्रव्यांचा माग काढला. रदरफर्डने या किरणांत अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार वेगळे केले, विलार्डने गॅमा दाखवले. माँट्रियलमध्ये १९०० साली रदरफर्डला थोरियममधून निघणारा एक वायू सापडला, ज्याची तीव्रता दर मिनिटाला जवळजवळ निम्मी होत होती. अर्धायुष्य ही कल्पना तिथे जन्मली. दोनच वर्षांत त्याने आणि सॉडीने जाहीर केले की किरणोत्सारात एका मूलद्रव्याचे दुसरे होते. किमयागारांचे स्वप्न निसर्ग कोणाच्याही मदतीशिवाय पार पाडत होता.

मग १९०९ चा तो प्रयोग. मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या अतिपातळ पत्र्यावर अल्फा कण सोडले. जवळजवळ सगळे सरळ पार गेले. पण साधारण आठ हजारांत एक कण मागे उलटला. अंधाऱ्या खोलीत डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून, पडद्यावरचा एकेक ठिपका मोजून हा आकडा मिळाला आहे. त्यावरून रदरफर्डने १९११ मध्ये मांडले की अणूचे जवळजवळ सगळे वस्तुमान आणि सगळा धनभार मध्यावरच्या एका अतिसूक्ष्म केंद्रकात आहे. केंद्रकाचा व्यास अणूच्या व्यासाच्या दहा हजारावा भाग किंवा त्याहूनही लहान. उरलेल्या जागेत इलेक्ट्रॉन. आठ हजारांतल्या एका अपवादाला चूक म्हणून खोडून टाकले असते, तर आधुनिक भौतिकी कित्येक वर्षे मागे राहिली असती.

पुढचे टप्पे शाळेच्या पुस्तकांत नीट मांडलेले आहेत. बोरने इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्या दिल्या, मोज्लीने क्ष-किरणांवरून अणुअंकाला खरा अर्थ दिला, सॉडीने समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) ही कल्पना मांडली, चॅडविकने १९३२ मध्ये न्यूट्रॉन शोधला. पुंज यांत्रिकीने इलेक्ट्रॉनच्या गोल कक्षा पुसून टाकल्या. दुर्दैवाने आपल्या फळ्यांवर त्या अजून तशाच काढल्या जातात.

केंद्रकाकडे पाहण्याचे दोन मोठे संप्रदाय झाले आणि नवख्या वाचकाने ते लक्षात ठेवावेत. पहिला संप्रदाय केंद्रकाला द्रवाच्या थेंबासारखे मानतो: सगळे कण शेजाऱ्याला धरून आहेत, पृष्ठभागाला ताण आहे, आणि फार मोठा थेंब दुभंगू शकतो. १९३८ च्या अखेरीस हान आणि स्ट्रासमान यांनी युरेनियमचे केंद्रक दुभंगल्याच्या ज्या खुणा पाहिल्या, त्यांचा अर्थ लिझे माइटनर आणि फ्रिश यांनी याच चित्रावरून लावला. दुसरा संप्रदाय म्हणतो की केंद्रकातही कवचे आहेत, आणि प्रोटॉन किंवा न्यूट्रॉनांची संख्या २, ८, २०, २८, ५०, ८२, १२६ भरली की केंद्रक विशेष टिकाऊ होते. मारिया गोपर्ट मायर आणि येन्सेन यांनी १९४९ मध्ये या संख्यांचा उलगडा केला. दोन चित्रे एकमेकांशी भांडतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर उत्तर देतात. त्यांना जोडण्याचे काम नंतर झाले, तरी भौतिकीचा अभ्यासक आजही प्रश्न बघून चित्र निवडतो.

आता या विषयाच्या गाभ्याकडे. मी सात रस्त्याला राहतो. या चौकात आलेला एखादा दुचाकीस्वार विजापूर रोडला वळेल की स्टेशनकडे, हे कोणी सांगू शकत नाही. पण तासभर उभे राहून मोजले, तर कोणत्या रस्त्याला किती जण वळले याचे प्रमाण रोज जवळपास तेच भरते. किरणोत्साराचे असेच आहे, असे म्हणून थांबता आले असते. थांबू नये, कारण दुचाकीस्वाराला कारण असते. त्याला विचारले तर तो सांगेल की डबा द्यायचा आहे, मुलाला शाळेतून आणायचे आहे. अणुकेंद्रकाला विचारण्यासारखे काहीच नाही. पोटॅशियम-४० चे एक केंद्रक आज बदलेल की तीनशे कोटी वर्षांनी, आणि बदलले तर कॅल्शियम होईल की आर्गॉन, याचे कोणतेही लपलेले कारण आपल्याला सापडलेले नाही. पुंज यांत्रिकीप्रमाणे ते नाहीच. गॅमोने, आणि स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी, १९२८ मध्ये दाखवले की अल्फा कण ज्या ऊर्जेच्या भिंतीआड अडकलेला असतो ती ओलांडण्याइतकी ऊर्जा त्याच्याकडे नसतानाही तिच्या पलीकडे सापडण्याची थोडी शक्यता असते. किती थोडी, एवढेच गणित सांगते.

याहून चकित करणारी गोष्ट म्हणजे केंद्रक म्हातारे होत नाही. पृथ्वी घडली तेव्हापासून टिकून राहिलेले युरेनियम-२३८ चे केंद्रक आणि काल अणुभट्टीत तयार झालेले तेच केंद्रक, दोघांचीही पुढच्या वर्षी बदलण्याची शक्यता तंतोतंत सारखी. आपल्या अनुभवातल्या कोणत्याही सजीवाचे, यंत्राचे, घराचे असे नसते. जुने आधी मोडते, हा आपला व्यवहार. अर्धायुष्य या कल्पनेत विद्यार्थी अडखळतात ते इथेच, आणि आम्ही शिक्षक इथून सूत्राकडे पळतो. या पुस्तकाने इथे थांबायचे ठरवले आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. होमी भाभांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी केली. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याच्या किनाऱ्यावर 'अप्सरा' ही अणुभट्टी चालू झाली. तारापूरच्या अणुवीज केंद्राची वीज १९६९ पासून मिळते आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कसबा सांगावचे शिवराम भोजे कल्पाक्कमला शीघ्र प्रजनक अणुभट्टीच्या कामात आयुष्यभर राहिले आणि तिथल्या केंद्राचे संचालक झाले, डॉ. अनिल काकोडकर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. ही नावे आपल्याला अभिमानाने माहीत असतात. पण त्याच संस्थांत चाललेले एक शांत काम फारसे सांगितले जात नाही. टाटा संस्थेच्या प्रयोगशाळेत डी. पी. अग्रवाल आणि शीला कुसुमगर यांनी देशभरातल्या उत्खननांतले कोळसे आणि जळके धान्य कार्बन-१४ ने मोजले. भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तिथे उत्खनन केले आणि ताम्रपाषाणयुगातले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. त्याच्या कालक्रमाला, साधारण इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या आकड्यांना, कार्बन-१४ चाच आधार आहे. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या जळक्या दाण्यात त्यातला सुमारे दोन तृतीयांश कार्बन-१४ उरलेला असतो. पंढरपूरच्या वाळवंटावरून वाहणाऱ्या पाण्याच्या वरच्या अंगाला कोण नांदत होते, हे आपल्याला इतक्या नेमकेपणाने कळले ते अणूंच्या मोजणीमुळे.

आणि आजचा व्यवहार? कर्करोगाच्या रुग्णालयांतले कोबाल्ट यंत्र घ्या. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे. त्याचे केंद्रक बीटा कण सोडून निकेल होते आणि लगोलग दोन गॅमा किरण बाहेर पडतात; गाठीवर सोडतात ते हे किरण. यंत्रातला स्रोत दर महिन्याला सुमारे एक टक्क्याने क्षीण होतो. म्हणून रुग्णालयातला भौतिकीतज्ज्ञ उपचाराची वेळ सतत वाढवत नेतो, आणि काही वर्षांनी स्रोत बदलावाच लागतो. आपल्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. देशातली ग्रामीण भागातली पहिली कर्करोग नोंदणी तिथे १९८७ मध्ये सुरू झाली. डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात एक लाखाहून अधिक स्त्रियांना सहभागी करून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या चाचण्यांवर जे संशोधन उभे केले, ते २००९ मध्ये जगभर वाचले गेले. ते काम चाचण्यांचे होते, किरणांचे नव्हे. पण गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा एक मुख्य उपचार किरणांचाच आहे. खेड्यातली बाई जेव्हा 'शेक घ्यायला' जाते, तेव्हा तिला आणि तिच्या घरच्यांना ते किरण काय आहेत हे मराठीत कोणीतरी सांगितले पाहिजे. बाहेरून किरण घेतलेली आई किरणोत्सारी होत नाही, तिच्या मांडीवर नातवाला बसवायला हरकत नाही, एवढे साधे वाक्यही किती घरांत पोचलेले नसते. याउलट थायरॉइडसाठी आयोडिन-१३१ पोटात घेतलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळे राहावे लागते, कारण तिथे स्रोतच शरीरात असतो आणि त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे असते. दोन उपचारांत हा जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो समजायला पदवी लागत नाही.

किरणांबद्दलची अशीच शंका डाळिंबाबाबतही असते. सांगोला, पंढरपूरच्या बागांनी या जिल्ह्याला नाव दिले, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. भारतीय आंब्याला २००७ मध्ये अमेरिकेचे दार पुन्हा उघडले ते लासलगावच्या केंद्रात किरण दिल्यावर, किमान ४०० ग्रे (शोषलेल्या किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रेच्या अटीवर. अलीकडे डाळिंबही वाशीच्या विकिरण केंद्रातून त्याच वाटेने जाऊ लागले आहे. 'किरण दिलेले फळ किरणोत्सारी होते का?' हा प्रश्न बागायतदार विचारतात, आणि तो विचारलाच पाहिजे. कोबाल्टच्या गॅमा किरणांची ऊर्जा कीटकाच्या पेशींतली रेणूंची रचना मोडायला पुरते, फळातल्या अणूंची केंद्रके बदलायला पुरत नाही. म्हणून फळ किरणोत्सारी होत नाही. हे उत्तर 'शास्त्रज्ञ सांगतात म्हणून' स्वीकारायचे नसून अणू आणि केंद्रक यांच्या ऊर्जेतला लाखो पटींचा फरक कळला की ते आपले आपल्याला देता येते.

धोकेही खरे आहेत आणि त्यांवर पांघरूण घालणे मला मान्य नाही. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० चा एक जुना स्रोत पोचला, कामगारांनी तो उघडला, अनेक जण भाजले आणि एकाचा जीव गेला. तिथे कोणाचाही निष्काळजीपणा असो, ज्या हातांनी ते उघडले त्यांना त्या धातूबद्दल कोणी काही सांगितलेले नव्हते. भंगाराचा व्यवसाय प्रत्येक शहरात आहे. जैतापूरच्या प्रस्तावित अणुवीज प्रकल्पावरून कोकणात अनेक वर्षे वाद चालू आहे. त्यात जमीन, मासेमारी, भूकंप, खर्च असे अनेक प्रश्न आहेत आणि ते सगळे भौतिकीने सुटणारे नाहीत. अत्यल्प मात्रेच्या किरणांचा परिणाम किती, यावर तज्ज्ञांतही दोन मते आहेत: एक मत म्हणते की मात्रा कितीही कमी असली तरी तितका कमी का होईना धोका असतोच, दुसरे म्हणते की एका मर्यादेखाली शरीर नुकसान भरून काढते. नियम बनवताना जगभर पहिले मत धरून चालतात, कारण ते अधिक सावध आहे. या पुस्तकातही तीच भूमिका आहे, आणि दुसरी बाजू लपवलेली नाही.

'किरणोत्सार' म्हटल्यावर आपल्याकडे एक तर हिरोशिमा आठवते किंवा राष्ट्राभिमान. दोन्हींत आकडा नसतो. सत्तर किलो वजनाच्या निरोगी माणसाच्या शरीरात दर सेकंदाला पोटॅशियम-४० ची चार हजारांहून अधिक केंद्रके बदलत असतात. त्याने तो आजारी पडत नाही. मायापुरीच्या त्या धातूने माणूस मेला. 'किरणोत्सारी' हा शब्द दोन्हीकडे लागू आहे, म्हणून नुसत्या शब्दावर काहीच ठरत नाही. कोणता समस्थानिक, किती, आणि शरीराच्या बाहेर की आत, हे विचारल्याशिवाय मत बनवू नये, एवढाच या पुस्तकाचा आग्रह आहे. इतिहास, चित्रे, कोष्टके हे सगळे त्या आग्रहासाठी आहे.

मराठीत विज्ञान लिहिण्याची परंपरा चांगली आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे, विश्वकोशाच्या खंडांत या विषयावर भरीव नोंदी आहेत. मात्र विश्वकोशाची नोंद जाणकाराला उपयोगी पडते आणि वर्तमानपत्रातला लेख दोन दिवसांत विसरला जातो. त्या दोहोंच्या मधली जागा, जिथे वाचक पेन्सिल घेऊन बसेल आणि आकडेमोड स्वतः करून पाहील, बरीच रिकामी आहे. हे पुस्तक लिहिणारे सगळे जण वर्गात शिकवणारे आहेत. मुले कुठे अडतात हे त्यांना ठाऊक आहे, आणि प्रकरणांची रचना त्या अडण्यावरून केलेली आहे, शोधांच्या सनावळीवरून नव्हे. त्यामुळे अर्धायुष्य सूत्राच्या बरेच आधी येते. अणुबाँबवर स्वतंत्र प्रकरण नाही, याबद्दल काही वाचक नाराज होतील. त्याविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे, आणि क्षय समजण्याआधी स्फोट समजावून सांगू गेले की मनात फक्त ज्वाळा राहतात.

गणित लागते ते निम्मे करण्याइतके. लॉगॅरिदम जिथे टाळता आला नाही तिथे तो शेवटी, वेगळ्या पानांवर ठेवला आहे.

पहिले प्रकरण उघडण्याआधी एक काम करून घ्यावे. एक रुपयाची शंभर नाणी जमवावीत. किराणा दुकानात मागितली तर मिळतात. ती हलवून टेबलावर टाकावीत, छापा पडलेली बाजूला काढावीत, उरलेली मोजून लिहून ठेवावीत आणि पुन्हा टाकावीत. सात-आठ वेळा हे केले की वहीत एक उतरती रांग तयार होईल. ती पन्नास, पंचवीस, तेरा अशी नेमकी येणार नाही. शेजारच्याने हेच केले तर त्याची रांग तुमच्यासारखी नसेल, आणि शेवटपर्यंत टिकणारे नाणे कोणते हे आधी कोणालाच सांगता येणार नाही. दोन्ही रांगा वहीच्या एकाच पानावर लिहाव्यात. दुसऱ्या प्रकरणात त्यांची गरज पडेल.

सात रस्ता, सोलापूर